भिवराबाईचे डावे फुप्फुस

राणीसावरगावच्या शिवेला मेंढपाळांची जी वस्ती आहे, तिच्यात भिवराबाईचे घर होते. पण त्या घरात ती वर्षातले फार थोडे महिने राहिली. दिवाळी सरली की तिचा नवरा मुंजाजी कळप बाहेर काढायचा. गोदावरीच्या काठाकाठाने, जसजसे रान मोकळे होत जाईल तसतसे त्यांचे बिऱ्हाड पुढे सरकायचे. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत. जमिनीला लेंड्यांचे खत मिळे आणि मेंढपाळाला ज्वारी. या व्यवहारात पुरुषाचे काम कळपामागे असते. बाकीचे सगळे बाईचे. राहण्याचे कापडी पाल उतरवायचे, घोडीवर बांधायचे, नव्या रानात पुन्हा उभे करायचे, पाणी आणायचे, चूल मांडायची आणि वाटेत जन्मलेले कोकरू चालण्याजोगे होईपर्यंत पदरात घेऊन चालायचे. भिवराबाईने हे लग्न झाल्यापासून केले. तिचे माहेर देवगाव फाट्याजवळचे, तिथेही हेच होते. चालणे हे तिच्या लेखी काम नव्हतेच. कामे चालता चालता होत असत.

म्हणून दम लागणे ही तिच्या आयुष्यात अगदी अनोळखी गोष्ट होती. आधी खोकला आला, मग संध्याकाळचा ताप, मग अंग उतरत गेले. गंगाखेडला थुंकीची तपासणी झाली आणि क्षयरोग निघाला. औषध देण्यासाठी धम्मपाल नावाचा सरकारी कर्मचारी मोटारसायकलवरून वस्तीवर आला. त्याने तिला मावशी म्हटले, रोज तीन गोळ्या एकदम घ्यायच्या असे बजावले, आणि ताकद यायला वेळ लागेल, तोवर चालणे कमी करा, असेही सांगितले. त्यावर ती म्हणाली की तुमच्या गाडीला पेट्रोल लागते, मला भाकर लागते, देवगाव फाट्यापर्यंत शर्यत लावून बघा. धम्मपाल हसला. जाता जाता त्याने मुंजाजीला एक गोष्ट गंभीरपणे सांगितली: हा आजार खोकल्यातून घरच्यांना लागू शकतो, सगळ्यांची तपासणी करून घ्या. पण कळप दुसऱ्याच दिवशी निघायचा होता. तपासणी राहिली. पुढच्या दर महिन्याच्या गोळ्या धम्मपालने बिऱ्हाड असेल तिथे पोचवायचे कबूल केले, आणि तो ते पाळतही होता.

मुंजाजी हा त्या भागातल्या मेंढपाळांत औषधाचा माणूस मानला जाई. कोणाच्या कळपात मेंढ्या खोकू लागल्या, कोकरे गळू लागली की त्याला बोलावणे यायचे. त्याची रीत त्याच्या बापाची होती आणि बापाची आज्याची. एक मेंढी आजारी पडली की औषध सगळ्या कळपाला पाजायचे, कारण आज एक आहे, उद्या दहा होतील. औषध कमी पडले तर पाणी वाढवायचे. एकही मेंढी सोडायची नाही. या रीतीत अज्ञान होते, पण त्याच्या तळाशी एक नीतीही होती. जे आहे ते सगळ्यांत पोचले पाहिजे, आजाऱ्याने एकट्याने खाऊन इतरांना उघडे ठेवू नये. सारे आयुष्य जो कळप एकत्र राखण्यात घालवतो, त्याला याहून न्याय्य वाटप सुचणे कठीण होते.

धम्मपालचा इशारा त्याने ऐकला तो या रीतीच्या कानांनी. रोजच्या तीन गोळ्यांतली एक भिवराबाईला, बाकीच्या दोन आळीपाळीने त्याला स्वतःला, बिऱ्हाडातच असलेल्या सिताराम या धाकट्या भावाला आणि सितारामच्या बायकोला. गावाकडे त्याची आई धुरपताबाई आणि लेक दीपिका राहत. दीपिका गंगाखेडच्या कॉलेजात एसटीने जायची. त्या दोघींचा वाटा तो येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धाडायचा. भिवराबाईचा खोकला वाढला की तिला दोन देई, स्वतःची सोडून. गोळ्यांनी सगळ्यांचीच लघवी तांबडी होऊ लागली. रोग धुऊन निघायलाय, असे तो समाधानाने म्हणे. भिवराबाईनेही विरोध केला नाही. तिला स्वतःच्या छातीची जेवढी भीती होती, त्याहून दीपिकाच्या छातीची जास्त होती. लेकीला औषध पोचते आहे, हे कळले की तिला झोप लागे. धम्मपाल फोन करून विचारी, गोळ्या चालू आहेत का. ती सांगे, रोज घेते. ते तिच्या समजुतीप्रमाणे अक्षरशः खरे होते.

सुरुवातीला ताप गेला, अंगावर थोडे मांस आले. कळप परत फिरेपर्यंत मात्र खोकला दुप्पट झाला आणि थुंकीतून रक्त पडू लागले. पुन्हा तपासणी झाली. नेहमीची औषधे आता या जंतूंवर चालणार नाहीत, असे निघाले. धम्मपाल वस्तीवर आला तेव्हा मुंजाजी अंगणाच्या पलीकडे, बोलणे ऐकू जाणार नाही इतक्या लांब, मेंढ्यांच्या कुंपणाची जाळी विणत बसला होता. भिवराबाई ओसरीवर होती. या वेळी धम्मपालच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

“मावशी, खरं सांगा. गोळ्या रोज घेतल्या का तुमी?”

तिने उत्तर देण्याआधी त्यालाच विचारले, “न्हाई घेतल्या तर काय होतंय?”

“जंतू समदा मरत न्हाई. थोडं थोडं औषध पोटात गेलं की तो त्याला सरावतो. मग तेच औषध त्याला पान्यासारखं.”

भिवराबाईला त्या एका वाक्यात सगळे कळले असावे. दीपिका दारात उभी होती. तिने नंतर सांगितले की मायने एकदा बाबांकडे बघितले, जाळीवरून त्यांचा हात फिरत होता, आणि मग ती धम्मपालकडे वळली.

“टाकून द्यायचे मी,” ती म्हणाली. “लय मळमळायचं.”

“फोनवर तर घेतल्या म्हनत होत्या.”

“तुमी परत परत इचारू नये म्हनून.”

धम्मपालला राग आला होता आणि तो रास्त होता. तिने हे खोटे का पत्करले, याचा उलगडा करणे अवघड नाही. मुंजाजीकडे जमीन नव्हती, शिक्षण नव्हते. त्याची जी काही पत होती ती औषधाचा माणूस म्हणून होती. त्याच्याच हाताने बायकोच्या अंगातला रोग औषधाला न जुमानणारा झाला, हे वस्तीला कळले असते तर ती पत एका दिवसात गेली असती. आणि त्याला स्वतःला कळले असते तर काय झाले असते, याची कल्पना तिने केली आणि ती तिला सहन झाली नाही. दोष कोणाच्या तरी नावावर पडणारच होता. तिने तो स्वतःकडे ओढून घेतला.

जाताना धम्मपालने मुंजाजीला एवढेच सांगितले की तिने गोळ्या टाकल्या. मुंजाजीच्या मनात तर यामुळे उलटाच पुरावा उभा राहिला. ज्यांनी आपला वाटा घेतला ते सगळे ठणठणीत होते. जिने टाकून दिला तिचाच आजार बळावला. वाटणी झाली होती हे त्याने कोणालाही सांगितले नाही. लपवायचे म्हणून नव्हे. त्यात सांगण्याजोगे काही आहे, असे त्याला किंवा घरच्या कोणाला वाटलेच नाही. तो वस्तीत, पारावर, पाहुण्यांसमोर बोलून दाखवी की सरकारने घरपोच दिलेले औषध हिने उकिरड्यावर टाकले. धुरपताबाई सुनेला म्हणे की तुझ्या जिभेच्या लाडापायी पोरगी बिनमायची व्हायची. भिवराबाई ऐकून घेई आणि आत जाई. दीपिकाने एकदा तिला विचारले की माय, तू खरेच टाकल्यास का. सुट्टीत बिऱ्हाडावर आले तेव्हा मी तर तुला रोज एक घेताना बघितले होते. भिवराबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही, असे सांगितले.

नव्या गोळ्या सुरू झाल्या. त्या पुष्कळ होत्या आणि त्यांनी खरोखरच मळमळे. पायांना मुंग्या येत, कातडी काळवंडली. या वेळी ती गावातच राहिली आणि एकही गोळी चुकवली नाही. धम्मपाल किंवा वस्तीतली आशा कार्यकर्ती समोर उभे राहून पाहत. काही महिन्यांनी जंतू कमी झाले, पण संपले नाहीत. परभणीच्या डॉक्टरांनी फोटो दाखवून समजावले की डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात मोठी पोकळी आहे. तिच्या भिंतीत जंतू असे दडलेत की औषध तिथवर पुरेसे पोचत नाही. बाकीचे फुप्फुस अजून चांगले आहे. तो सडलेला भाग कापून काढला आणि वर औषध चालू ठेवले, तर रोग पुरता जाण्याची आशा आहे. ही शस्त्रक्रिया फार थोड्यांची होते. रोग एका जागी असावा लागतो आणि माणसाच्या अंगात ती सोसण्याइतका श्वास उरलेला असावा लागतो. तिच्या बाबतीत आज दोन्ही आहे.

मुंजाजीला हे लगेच पटले. मेलेली मेंढी फाडून त्याने कितीदा तरी फुप्फुस पाहिले होते, एका कडेला दगडासारखे घट्ट झालेले आणि बाकी गुलाबी. तेवढे काढता आले असते तर मेंढी जगली असती, असे त्यालाही वाटून गेले होते. भिवराबाईने फक्त एक विचारले, अर्ध्या छातीने चालता येईल का. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. वस्तीवर परतल्यावर तिने घोडीची झूल उन्हात टाकली आणि तिची उसवलेली कड शिवून काढली. पुढच्या दिवाळीनंतर कळपाबरोबर निघायचे, हे तिने मनात धरले होते.

एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात तिला नेले. तिथे फुंकर मारायला लावून श्वास मोजला, छातीचे आणखी फोटो काढले, आणि शेवटी सर्जन बाईंनी तिला एकटीला आत बोलावले. त्या तिच्याशी समजुतीने, पण स्पष्ट बोलल्या. भाग काढल्यानंतरही अनेक महिने औषध घ्यावे लागते. ते सुटले तर आतली जखम भरत नाही, आणि उरलेल्या फुप्फुसात रोग शिरतो. अशा वेळी शस्त्रक्रियेने रोग्याचे नुकसानच होते. पहिल्या वेळी तुम्ही औषध टाकून दिले आणि घेते म्हणून सांगत राहिलात, हे खरे का, असे त्यांनी विचारले.

भिवराबाईला या प्रश्नाचे वजन कळत नव्हते असे नाही. आपल्या जगण्याचा फैसला आपल्या उत्तरावर आहे, हे तिला दिसत होते. दाराबाहेर बाकावर मुंजाजी बसलेला होता.

“खरं हाय,” ती म्हणाली. “पर आता न्हाई टाकनार.”

सर्जन बाईंनी नकार दिला नाही. आणखी काही महिने औषध नियमित घेतलेले दिसू द्या, मग आपण करू, असे त्यांनी ठरवले. ज्या माणसाबद्दल त्यांना एवढेच सांगण्यात आले होते, त्याच्या बाबतीत हा निर्णय सावध आणि सरळ होता. बाहेर आल्यावर मुंजाजीने काय झाले ते विचारले आणि तिथेच, इतर रोग्यांसमोर, तो तिला म्हणाला की तुझ्या त्या कर्मामुळे आज हातातले गेले.

दिवाळीनंतर कळप तिला मागे ठेवून निघाला. त्या वर्षी गंगाखेडच्या अलीकडे उसाच्या मोकळ्या रानात मुंजाजीची कोकरे जुलाबाने मरू लागली. जंताचे औषध पाजून झाले होते, तरी मरत होती. शेवटी सितारामने गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला रानात आणले. डॉक्टरने विचारले, किती पाजले? मुंजाजीने सांगितले, बाटली एकच होती, मेंढरे जास्त, म्हणून नेहमीप्रमाणे पाणी वाढवून सगळ्यांना पाजले.

“म्हणजे तुम्ही जंत मारले नाहीत, त्यांना औषध पचवायला शिकवलं,” डॉक्टर म्हणाला. “पोटात पुरतं औषध गेलं नाही की कमजोर जंत मरतात आणि चिवट उरतात. आता हे औषध कितीही पाजा.”

मुंजाजीने हातातले मेलेले कोकरू खाली ठेवले आणि विचारले, “मानसाचं बी तसंच असतंय का?”

“जंतू कोणाच्याही अंगातला असो, नियम तोच.”

सितारामला कळप सोपवून मुंजाजी तसाच फाट्यावर गेला आणि मिळेल त्या एसटीने राणीसावरगावला आला. भिवराबाई बाजेवर बसून शेळीच्या करडाला पेज पाजत होती. जवळ दुसरे कोणी नव्हते. दीपिका मागच्या पडवीत होती आणि तिला सगळे ऐकू आले.

“तू गोळ्या टाकल्या न्हाईत,” तो म्हणाला.

“आता कशाला काढता ते,” ती म्हणाली.

“का सांगितलं न्हाईस?”

“कोनाला सांगू? तुमी सगळ्याला वाचवायला निघाले होते. त्याला मी काय म्हनायचं?”

“मी तुला चारचौघात बोललो, भिवरा.”

“बोलले. मला दमच एवढा लागायचा, उत्तर द्यायला बी पुरायचा न्हाई,” असे म्हणून ती हसली आणि हसण्याने तिला खोकल्याची उबळ आली.

दुसऱ्याच दिवशी मुंजाजी धम्मपालला भेटला आणि त्याला सगळे सांगितले. धम्मपालने आधी घरातल्या सगळ्यांची तपासणी करवली. दीपिकाच्या छातीत काही नव्हते. हे भिवराबाईने त्याच्याकडून वदवून घेतले, पुन्हा वदवून घेतले, आणि मग शहराला जायला तयार झाली. या वेळी मुंजाजी तिच्याबरोबर आत गेला. उभ्यानेच त्याने सर्जन बाईंना सांगितले की हिने औषध कधीच टाकले नव्हते, हिला मिळाले तेवढे हिने खाल्ले, उरलेले मी घरात वाटले. त्या ऐकत राहिल्या. त्यांनी भिवराबाईकडे बघितले, पण तिला काही विचारले नाही. लगेच सगळ्या तपासण्या पुन्हा करायला सांगितल्या.

फोटो आल्यावर त्यांनी दोघांना बसवून घेतले. मधल्या काळात, रोजचे औषध चालू असतानाही, रोग उजव्या बाजूला गेला होता. तिथे खाली आणि मध्ये डाग होते, आणि एक नवी पोकळी धरत होती.

“आता डावं काढलं तर श्वास कशावर घ्यायचा?” सर्जन बाई म्हणाल्या. “आता शस्त्रक्रिया करता येणार नाही.”

मुंजाजीने मागच्या वेळचा फोटो दाखवा म्हटले. त्यांनी तो दाखवला. उजवी बाजू त्यात काळी, मोकळी, स्वच्छ होती. अशी असावी लागते, हे आता त्याला समजत होते. पुढचा प्रश्न त्याने विचारला नाही. त्याचे उत्तर बाईंनी आपणहून दिले. तेव्हा केली असती तर त्या बऱ्या झाल्याच असत्या, असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. या शस्त्रक्रियेनंतरही माणसे दगावतात. हे सत्य होते आणि त्यांनी ते दयेने सांगितले. पण जे नक्की घडले असते असे नव्हते, ते घडू शकले असते, एवढे त्या दोन फोटोंत स्पष्ट दिसत होते, आणि मुंजाजीला तेवढे पुरेसे होते.

परतीच्या वाटेवर, बसस्टँडच्या बाकावर, भिवराबाईने त्याला बजावले की आत मॅडमला सांगितले ते ठीक, गावात तोंड उघडायचे नाही. सितारामची पोरे लहान आहेत, कळपावर पोट आहे, लोक औषधाला बोलावतात म्हणून चार ठिकाणी रान मिळते. मुंजाजीने मान हलवली नाही, नाहीही म्हटले नाही. त्याने तिच्यासाठी चहा आणला. तिला तो पुरता पिता आला नाही.

तिने औषध शेवटपर्यंत घेतले. त्याचा आता किती उपयोग आहे हे तिने धम्मपालला विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही; तो येई, बसे, दीपिकाच्या परीक्षेची चौकशी करी. मुंजाजी कळपाकडे गेला नाही. लग्नानंतर एवढे सलग महिने ती दोघे एका छपराखाली कधी राहिली नव्हती. तो चूल पेटवी, भाकरी थापायचा प्रयत्न करी, आणि त्या वाकड्या भाकरीवरून ती त्याची थट्टा करी, एका वेळी दोन-तीन शब्दांत, कारण त्याहून लांब वाक्य आता होत नसे. चैत्रात, दिवस कलता कलता, उशीला टेकून बसल्या बसल्या ती गेली.

दहाव्याला सगळे गंगाखेडला गोदावरीवर जमले. वस्तीतले लोक होते, दूरदूरच्या रानांतून कळप मागे ठेवून आलेले मेंढपाळ होते, देवगाव फाट्याकडचे तिचे माहेर होते. विधी आटोपल्यावर तिची एक चुलत बहीण दीपिकाला जवळ घेऊन रडू लागली. रडता रडता ती म्हणाली की बाई गुणाची होती गं, पण त्या गोळ्या टाकायची दुर्बुद्धी झाली नसती तर आज समोर असती. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. जे सगळ्यांना ठाऊक होते तेच ती बोलत होती. दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

मुंजाजी घाटाच्या पायरीवरून उठला.

“तिनं टाकल्या न्हाईत,” तो म्हणाला. “तिच्या गोळ्या मी घरात वाटल्या. मेंढराला पाजतो तशा.”

धुरपताबाईने आपल्या वाट्याची प्रत्येक गोळी श्रद्धेने गिळलेली होती. तिने पदर तोंडाशी धरला. सिताराम पाण्याकडे बघत राहिला. कोणी काही विचारले नाही, कारण तिथल्या प्रत्येक मेंढपाळाला ती रीत माहीत होती आणि ती प्रत्येकाच्या घरची होती. थोड्या वेळाने माणसे उठू लागली.

त्यानंतर राणीसावरगावात भिवराबाईला गोळ्या टाकणारी असे कोणी म्हटले नाही. आणि मुंजाजीला औषधासाठी कोणत्याही कळपाकडून पुन्हा बोलावणे आले नाही.